टाकीखालची बाळंतीण

माझी आई सौदीत कतीफला आली तेव्हा तिच्या बॅगेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली विळी होती. दम्मामच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने ती बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि आईकडे बघितलं. आईला ना अरबी येत, ना इंग्रजी. तिने हवेत एक मासा धरला, त्याचे पर छाटले, डोकं उडवलं, पोट साफ केलं आणि तुकडे पाडून दाखवले. तो हसला, म्हणे, आणि विळी स्वतः परत गुंडाळून दिली. मी बाहेर सातव्या महिन्याचं पोट घेऊन उभी होते. बाहेर येताच आई म्हणाली, "इथली मानसं बरी हायत गो. समजतं त्यांना."

आईने जन्मभर मासे विकले. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं बंदर लहान. पहाटे लिलावात मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घ्यायची आणि वरच्या वाड्यांमधून हाळी देत फिरायचं. त्या पाटीवर मी बीएस्सी नर्सिंग झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. पदवीचं सर्टिफिकेट गावच्या घरात देवांच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. ते मी लावलं नाही, आईने लावलं.

इथे मी एका खासगी हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. नवरा जुबैलला एका प्रकल्पावर एसीच्या कामाचा सुपरवायझर. पहाटे बस धरतो, अंधार पडल्यावर परत. पहिल्या खेपेला आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. रोज दुसऱ्यांच्या बायकांची पाठ चोळणारी मी, माझी पाठ चोळायला कुणी नव्हतं. मुलगी झाल्यावर घरी आले आणि पहिला चहासुद्धा माझा मीच केला. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वेळी आई पाहिजे म्हणजे पाहिजे.

आई आली खरी, पण तिचं मन रमेना. आम्ही राहतो ते जुनं घर आहे, खजुराच्या बागांना लागून. तळमजल्यावर आम्ही, वर घरमालकीण. मधे उंच भिंतींचं अंगण. अंगणात एका बाजूला पाण्याच्या टाकीचा ओटा, दुसऱ्या बाजूला मालकिणीच्या कोंबड्या. इथे असं अंगण मिळणं म्हणजे भाग्य. पण आईला भाग्य दिसेना.

"इथं मानसं र्‍हातात कुठं गो?"

"गाडीत असतात, आई."

"आनि गाडीतनं उतरल्यावर?"

"दुसऱ्या घराच्या भिंतीत."

"मगे बोलतात कुनाशी?"

 पाच वर्षांची माझी मुलगी आजीशी बोलायची, पण इंग्रजीत, आणि फारच झालं तर हिंदीत. आई तिला मराठीतून उत्तरं द्यायची. दोघी तासन्‌तास अशा बोलायच्या आणि शेवटी दोघी मला विचारायच्या, ती काय म्हणाली. एका संध्याकाळी आई म्हणाली, "बाय, मी बाळंतपनाच्या टायमाला परत येईन. आता जाते." जणू कतीफ म्हणजे एसटीने जायचं गाव.

शुक्रवारी आम्ही तिला मासळी बाजारात नेलं. तिथे मात्र ती बदलली. सुरमईच्या कल्ल्यात बोट घालून तिने विक्रेत्याला शुद्ध मराठीत सांगितलं, "हा कालचा हाय. बरफातला नको दावू." त्याने निमूटपणे दुसरा मासा काढला. घरी आल्यावर स्वयंपाकघरात नाही, अंगणात बसली. पाट घेतला, विळी मांडली, शेजारी पाण्याची बादली. तेवढ्यात बागेकडच्या भिंतीखालच्या मोरीतून एक करडं तोंड बाहेर आलं. मग लांबलचक अंग, मग झुबकेदार शेपटी.

माझी मुलगी ओरडली, "आजी, लुक, बिग स्क्विरल!"

"काय म्हनते?"

"खार म्हणते."

"खार? एवढाल्या खारी असत्या तर रामाचा पूल दोन दिसांत झाला असता." आईने ओल्या हातांनीच नमस्कार केला. "मुंगूस हाय ते, बाळा. मुंगूस!"

आमच्याकडे मुंगूस आडवं गेलं तर दिवस चांगला जातो. लहानपणी शाळेच्या वाटेवर मुंगूस दिसलं की आम्ही त्याला रामाची शपथ घालायचो, तोंड दाखव म्हणून. त्याने वळून बघितलं की त्या दिवशी मास्तर मारणार नाहीत अशी खात्री. मास्तर मारायचे ते मारायचेच. मी सरळ सांगते, या शुभ-अशुभावर माझा विश्वास उरलेला नाही. पण त्या दुपारी आईने त्याला शपथ घातली, ते मागच्या पायांवर उभं राहून तिच्याकडे बघत राहिलं आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा आई हसली. मी म्हटलं, असू दे शुभ.

आईने सुरमईचं डोकं मोरीजवळ टाकलं. मुंगसाने ते उचललं आणि पसार झालं.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. तिसऱ्या दिवशीही. आईच्या धंद्यात एक रीत होती. मासे कापताना जो जीव पाटाजवळ येईल, मांजर असो, कावळा असो, त्याला काहीतरी पडायचंच. रिकामं कुणी जायचं नाही. ती रीत तिने कतीफला चालू केली. मग तिच्या लक्षात आलं, मासे काही रोज नसतात. म्हणून ती फ्रिजमधलं अंडं पायरीवर ठेवायला लागली. मुंगूस ते अंडं पुढच्या पायांत धरायचं, भिंतीकडे पाठ करायचं आणि मागच्या दोन पायांमधून असं फेकायचं की थाडकन फुटायचं. माझी मुलगी टाळ्या वाजवायची. "आजी, गोल!" हा एक शब्द दोघींना समजायचा.

इथे प्रत्येक परक्याला इकामा, म्हणजे राहायचा परवाना लागतो, आणि त्याची हमी घेणारा कफील. नवऱ्याने एका सुट्टीच्या दिवशी हा खेळ बघितला. "आई, याचा इकामा आहे का? कफील कोण याचा?"

"मी हाय," आई म्हणाली. "तुम्हांला काय तरास?"

त्रास व्हायला वेळ लागला नाही. एका सकाळी टाकीच्या ओट्याखालून चिवचिव ऐकू आली. ओट्याच्या बाजूची दोन विटांची जागा केव्हाची मोकळी होती, आत अंधारी पोकळी. आई फरशीवर आडवी झाली, कान लावला आणि उठून बसली ती तोंडाला पदर लावूनच. "पिल्लं हायत. बारकी. ही तर बाळंतीन निघाली." त्या दिवसापासून मुंगूस ते मुंगूस राहिलं नाही, 'ती' झालं.

वर राहणाऱ्या मालकिणीला, हज करून आलेली म्हणून, सगळे हज्जिया म्हणतात, मीही तेच म्हणते. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार बाई. तिचं बीपी मी बघते, ती मला घरच्या बागेतले खजूर पाठवते. चार वर्षांत आमच्यात कधी वाकडा शब्द नाही. तिचा मुलगा बँकेत आहे, तिच्यासोबतच राहतो. हज्जियाचा जीव तिच्या कोंबड्यांत. जुन्या फळ्यांचं खुराडं, तेही नावाला. दिवसभर कोंबड्या अंगणभर, संध्याकाळी एकेकीला ती नावाने आत बोलवायची.

पिल्लांचा आवाज ऐकला त्याच आठवड्यात हज्जिया जिना उतरून आमच्या दारात आली. एक एक पायरी, कठड्याला धरून. हातात झाकलेला वाडगा.

"काय आनलंन गो?" आई खूश झाली. पाट सरकवला.

हज्जियाने वाडग्यावरचा रुमाल काढला. आत अंड्याची टरफलं होती.

"ही माझ्या कोंबड्यांची नाहीत," ती मला अरबीत म्हणाली. "माझी अंडी तांबूस. ही पांढरी, दुकानातली. दुकानातली अंडी माझ्या अंगणात कोण फोडतं? मी तीन दिवस विचार करत होते. माझी अंडी रोज जातात. आज सकाळी एक कोंबडी गेली, मान फोडलेली. निम्सचं काम आहे." निम्स म्हणजे मुंगूस. "आणि वरून बघितलं तर तुझी आई माझ्या चोराला जेवायला वाढते!"

मी तसंच्या तसं आईला सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही, मराठीत नाही आणि अरबीतही नाही.

"तिला सांग, आमच्यात मुंगूस दिसनं चांगलं."

मी सांगितलं. हज्जिया म्हणाली, "कोंबडीला विचार चांगलं की वाईट."

"तिला सांग, कोंबड्या अशा मोकळ्या ठेवतात काय कोन? आमच्या गावात कोल्हे असतात, कोंबडी कशी जपायची ते आमाला ठाव."

हेही सांगितलं. हज्जियाच्या भुवया वर गेल्या. "तुझ्या आईला म्हणावं, इथे कोल्हे नव्हते. चोराला पाहुणा म्हणून बोलवायची सवय आम्हाला नाही."

मागे जिन्यावर तिचा मुलगा येऊन उभा होता. तो सभ्य माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. "सिस्टर, तुमच्या आईचा मान आहे. पण अंगणात लहान मूल खेळतं, उद्या तुमचं बाळ येईल. मी माणूस बोलावतो. बिळात विष टाकेल. खलास."

आईला 'खलास' समजलं. बाकीचं तिने माझ्याकडून काढून घेतलं.  हज्जिया वर गेल्यावर तिने विळी धुतली, लुगड्यात गुंडाळली आणि बॅगेत ठेवली.

"आई, हे काय?"

"तिकीट काढ माझं."

"एका मुंगसासाठी?"

"ज्या घरात बाळंतिनीला जहर घालतात त्या घरात मी तुझं बाळंतपन करायची नाय."

मला राग आला. आठवा महिना संपत आलेला, पाय सुजलेले, दिवसभर वॉर्डात उभी राहून आलेली मी. मी म्हटलं, "आई, मी शिकलेली बाई आहे. घरात जंगली जनावर राहत असेल तर ते काढायचं असतं. बाळ येणार आहे. यात पाप-पुण्य कसलं?"

"शिकलीस म्हनूनच तुला सांगते. अडान्याला कोन सांगेल?"

मी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. विष नको तर निदान पिंजरा लावून दूर सोडता येईल, असा माझा हिशोब. कीड-उंदीर काढणाऱ्या एका मल्याळी माणसाचा नंबर मिळवला. तो हिंदीत म्हणाला, मॅडम, आईला पकडू. पण पिल्लं आत राहतील, उपाशी मरतील. मग वास येईल. मग मला परत बोलवाल, ओटा फोडायला. पिल्लं चालायला लागेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. मी विचारलं, कधी चालतील? तो म्हणाला, महिना, थोडं वर.

महिना आणि थोडं वर. मी बाहेर आले तर आई बॅगेवर बसलेली.

"बाय, तू झालीस तेव्हा आपन भाड्याच्या खोलीत होतो," ती म्हणाली. "घरवाल्याच्या पोराचं लगीन निघालं. त्याला खोली पायजे झाली. तुझं बारसंसुद्धा व्हायचं होतं. तुला पाटीत घातली, वर फडका टाकला नि भयनीकडे गेले. पायऱ्या चढताना टाके सुटले माझे. रगत पायावर." तिने हे रडवेली होऊन सांगितलं नाही. बाजारातला दर सांगावा तसं सांगितलं. "बाळंतिनीला सव्वा महिना हलवू नये. मानूस असो नायतर जनावर. ह्यांच्यात तसं काय नसतं काय?"

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. तिच्या डोक्यावरच्या त्या पाटीचा मला किती अभिमान, आणि त्या पाटीत पहिली मीच बसले होते हे मला ठाऊक नव्हतं.

"असतं, आई," मी म्हटलं. "माझ्या वॉर्डातल्या प्रत्येक बाईच्या घरी असतं. चाळीस दिवस. अरबईन म्हणतात. आईकडे जाऊन राहतात, थंड पाणी नाही, कामाला हात नाही. आपला सव्वा महिना तो त्यांचा अरबईन."

"मगे तसं बोल की त्यांना."

"बोलते. उद्या ड्युटीवरून आले की बोलते. पण तो माणसाचा नियम आहे, आई. मुंगसाला कोण लावेल?"

आई बॅगेवरून उठली. विळी मात्र बॅगेतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले तर आई घरात नव्हती. मुलगीही नव्हती. डिंकाच्या लाडवांचा डबा, जो तिने माझ्या बाळंतपणासाठी गावाहून करून आणला होता आणि मला एकसुद्धा चाखू दिला नव्हता, तो फडताळात नव्हता.  ही बाई लाडू घेऊन विमानतळावर तर गेली नाही ना! मग वरून हसण्याचा आवाज आला.

मी जिना चढले. हज्जियाच्या बैठकीत दोघी गालिच्यावर समोरासमोर बसल्या होत्या, मधे डबा उघडा. मुलगी हज्जियाच्या मांडीला टेकून लाडू खात होती. आईने पदर पोटावर गोळा करून पोट काढलं होतं. मग तिने दोन्ही हातांचा पाळणा केला, हलवला, आणि खाली अंगणाकडे बोट दाखवलं. मग हज्जियासमोर दहा बोटं धरली. मिटली. परत दहा. परत दहा. परत दहा.

"अरबईन?" हज्जियाने विचारलं.

"हां! अरबीन!" आई मांडीवर थाप मारून म्हणाली. मग मला दारात बघून, "ये गो, हिला समजलं सगळं. तू बोल फक्त."

हज्जिया हसून हसून डोळे पुसत होती. "तुझी आई मला सांगते की निम्सला नफास पाळायचा आहे." बाळंतपणानंतरच्या दिवसांना इथे नफास म्हणतात. मी दिवसातून दहा वेळा तो शब्द वापरते. "सत्तर वर्षांत असं कुणी माझ्याकडे मागितलं नव्हतं. बस, धापा टाकते आहेस."

मी बसले. लाडू उचलायला हात पुढे केला तर आईने हातावर चापट मारली. "ते नंतरचे हायत."

मग मी बोलले. पिंजरेवाला काय म्हणाला ते सांगितलं, विष टाकलं तर पिल्लं आत कुजतील आणि पिण्याच्या पाण्याची टाकी त्यावरच आहे हे सांगितलं. कोंबड्यांना पक्कं खुराडं आम्ही बांधून देऊ हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "हज्जिया, हे झालं माझं शिकलेलं बोलणं. खरं सांगायचं तर मला माझी आई हवी आहे. आणि ती यावर अडून बसली आहे."

हज्जियाने आईकडे बघितलं. आई लाडवाचा डबा तिच्याकडे आणखी सरकवत होती.

"माझे सात जण या घरात झाले," हज्जिया म्हणाली. "पहिल्या वेळी माझी आई आली नव्हती. बहरीनला होती."  मग तिचा घरमालकिणीचा आवाज परत आला. "चाळीस दिवस. मुलाला मी सांगेन. पण आजपासून अंगणात अंडं नाही. माशाचं डोकं नाही. काही नाही. जो रोज वाढतो त्याच्याकडे पाहुणा राहतोच. तुझ्या आईला हे नीट सांग."

मी नीट सांगितलं. आईचा चेहरा उतरला. "बाळंतिनीला उपाशी ठेवायची?"

"ती बागेत उंदीर धरेल, आई. बागेत रग्गड आहेत. तू वाढलंस म्हणून ती टाकीखाली राहायला आली. दूर राहिली असती तर विषाचा विषयच निघाला नसता."

हे मी जरा जास्तच स्पष्ट बोलले. आईने पदराला हात पुसले. मग हज्जियाकडे बघून तिने मान हलवली. इथे माना कशा हलवतात ते तिला माहीत नव्हतं, पण हज्जियाला समजलं.

शुक्रवारी नवऱ्याने खुराडं बांधलं. लोखंडी चौकट, बारीक जाळी, आणि जाळी वीतभर जमिनीत गाडलेली, कारण मुंगूस उकरतं. हज्जिया वरच्या खिडकीतून सूचना देत होती, आई खालून. एकीची अरबी आणि एकीची कोकणी, मधे हा बिचारा. "आई, तुम्ही दोघी मिळून एक ठरवा," तो म्हणाला. "माझ्या साइटवरसुद्धा एकच कन्सल्टंट असतो." हज्जियाचा मुलगा नमाजाच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, बाह्या सरसावून जाळीचं दुसरं टोक धरलं. पटलं नव्हतं त्याला, ते दिसत होतं. पण स्वतःच्या आईने हो म्हटल्यावर पुढे बोलायचं नाही, हे त्यांच्यातही आहे.

खरा त्रास आईला झाला. मासे आता स्वयंपाकघरात कापले जायचे. सकाळी ती मुंगशी पायरीपाशी यायची, मागच्या पायांवर उभी राहायची आणि दाराकडे बघायची. आई आतून बघायची, मग पाठ वळवायची. "जा गो बाय," दाराआडून म्हणायची, "माहेरपन संपलं तुझं. आता पोटापान्याचं बघ." चार-पाच दिवसांनी मुंगशी पायरीवर यायची थांबली. मोरीतून सरळ बागेत जायची आणि तोंडात काहीतरी घेऊन परत यायची. आई ते खिडकीतून मला दाखवायची. "उंदीर हाय. केवढा! हुशार हाय गो."

मधे एकदा वाटलं, सगळं फिसकटणार. एक कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरायची राहिली आणि सकाळी तिची नुसती पिसं भिंतीजवळ सापडली. हज्जियाचा मुलगा पिसं बघत उभा होता. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत, गॅसवर दूध उतू जातंय तरी हलेना. हज्जिया वरून म्हणाली, "मांजर होतं. मी बघितलं." मुलाने वर बघितलं, मग टाकीकडे बघितलं, मग गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. रात्री हज्जिया झोपते त्या खोलीची खिडकी त्या बाजूला नाहीच. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

माझी रजा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. उन्हं अजून कोवळी होती. मी खिडकीत खुर्ची टाकून बसले होते, दुसरं काही होत नव्हतं. ओट्याखालून मुंगशी बाहेर आली. थांबली, नाक वर केलं. तिच्या शेपटीला नाक लावून एक पिल्लू आलं. त्याच्या शेपटीला नाक लावून दुसरं, मग तिसरं. अशी एक लांब करडी दोरी अंगणातून सरपटत निघाली. लांबून बघितलं तर कुणालाही साप वाटला असता. मी आईला हाक मारली, पण आई माझ्या खांद्याशी केव्हाच येऊन उभी होती. दोरी मोरीपाशी गेली, शेवटचं पिल्लू जरा अडखळलं, आणि मग अंगण मोकळं झालं.

आईने तांदळाचं पीठ घेतलं आणि रांगोळी टाकावी तसं ओट्याच्या बिळापुढे पसरलं. कोणी आत-बाहेर केलं तर पाऊल उमटेल. दोन दिवस पिठावर फक्त चिमण्यांची पावलं होती. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने आत विजेरी मारून खात्री केली, आणि बीळ विटा-सिमेंटने बुजवलं. नवऱ्याकडून कफीलचा विनोद ऐकलेला हज्जियाचा मुलगा शेजारी उभा राहून म्हणाला, "सिस्टर, तुमच्या आईला सांगा, कफालत संपली."

"सांग त्याला," आई म्हणाली, "एक गेली. आता दुसरी हाय माझ्याकडे." आणि माझ्या पोटाकडे बोट केलं.

त्या दिवशी बॅगेतली विळी बाहेर आली.

पुढच्या आठवड्यात मला मुलगा झाला, माझ्याच वॉर्डात. या वेळी घरी आले तेव्हा दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला गेला, शेगडीवर पाणी तापत होतं आणि चहा माझ्या हातात आला. सव्वा महिना आईने मला उंबरा ओलांडू दिला नाही. मी तिला सांगितलं, हालचाल केली पाहिजे, आम्ही पेशंटना तेच शिकवतो. तिने ऐकून घेतलं आणि घरातल्या घरात चालायला परवानगी दिली. हज्जिया रोज सकाळी एक वाडगा पाठवायची. झाकलेला. आत तांबूस अंडी. बाळंतिणीसाठी.

चाळिसाव्या दिवशी मी न्हाऊन बाळाला घेऊन अंगणात आले. सकाळ असूनही ऊन चटकत होतं. हज्जिया खास खाली उतरली होती. आईने तिच्यासाठी पाटावर उशी ठेवली होती. दोघी बाळाला आलटून पालटून घेत होत्या आणि आपापल्या भाषेत ते कुणासारखं दिसतं ते सांगत होत्या. नवऱ्याने आईचा व्हिसा वाढवून घेतला होता. विचारायची गरज पडली नव्हती. तिनेच एका सकाळी म्हटलं होतं, "आंब्याच्या टायमाला जाईन. नायतर पुढल्या आंब्याच्या."

मग मी बघितलं, आईने वाडग्यातलं एक अंडं उचललं आणि बागेकडच्या भिंतीजवळ गेली. वाकली, मोरीतून हात पार पलीकडे घातला आणि अंडं ठेवून दिलं.

"ए!" हज्जिया ओरडली.

आई कमरेवर हात ठेवून वळली. "तिला सांग, अंगनात नको म्हनाली होती. भिंतीपलीकडं अंगन नाय."

मी सांगितलं. हज्जियाने डोक्याला हात लावला. मग तिने बाळ माझ्याकडे दिलं, गुडघ्यावर हात रोवून उठली, खुराड्याच्या दाराची कडी नीट लागली आहे ना ते ओढून बघितलं, आणि आईच्या शेजारी मोरीपाशी येऊन, काही दिसतंय का ते बघायला, भिंतीला धरून वाकली.